भारी

भाच्याचा मेसेज, इचलकरंजीहून:
मावशी, तुझा एरिया लय भारी दिसतोय.
सोबत कुणातरी हिंडफिऱ्या पोराचा व्हिडिओ.
त्यात आमची डेप्टफर्डची गल्ली, रेल्वेच्या कमानी,
आणि अर्धा सेकंद मी.
म्हणजे माझी पाठ
आणि चाकांची भाजीची पिशवी.

सत्त्याण्णवात इथे घर घेतलं
तेव्हा वॉर्डातली सिस्टर म्हणाली, डेप्टफर्डला?
आणि पुढचं वाक्य गिळलं.
स्वस्त होतं, बाकी काही नाही.
रात्रपाळीहून येताना किल्ली
मुठीतून दोन बोटांमध्ये टोक काढून धरायची,
हे क्लोव्हिसच्या बायकोनं शिकवलं,
पहिल्यांदा साखर मागायला आली तेव्हाच.
समोरच्या मिसेस प्रुएट माझ्या फोडणीला
खिडकी आपटायच्या.
त्यांच्या मते गल्ली तेव्हाच संपली होती,
आम्ही आलो तेव्हा.

क्लोव्हिस गिलावा करायचा.
तीस वर्षं त्यानं या भागातल्या विटा झाकल्या.
ओल, पोपडे, बुरशी,
सगळ्यावरून थापी अशी फिरायची
की भिंत नुकती दूध पिऊन झोपलेली वाटावी.
वीट दिसणं म्हणजे लाज,
शर्टाच्या भोकातून बनियन दिसावं तशी.

तुयेतची लाँड्री गेली.
तिथे बार आलाय. बारचं नाव, लाँड्री.
पाटी तिचीच, गळालेल्या अक्षरासकट.
दोन मशिनं ठेवलीत, त्यांच्या पोटात मेणबत्त्या.
धुणं आता बसनं न्यावं लागतं.
छिन्नी लावून गिलावा काढला त्यांनी,
आणि उघड्या विटा उघड्याच दिसाव्यात
म्हणून वरून काहीतरी फासलं.
डाळ मिळते तिथे. वर लसणाची फोडणी. नऊ पौंड.
खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवतात.

क्लोव्हिसला नेलं होतं, सत्तरीच्या वाढदिवसाला.
भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला,
आम्ही नाडी बघतो तसा.
म्हणाला, इथे मी होतो. एकोणनव्वद, ऑगस्ट, तीन दिवस.
मग बिल पाहिलं
आणि त्याच्या बेटावरच्या बोलीत काहीतरी म्हणाला.
आमच्याकडे त्याला भारी म्हणतात.

आमच्याकडे बरंच काही भारी असतं.
पोतं भारी, शालू भारी, पोरगा भारी,
आणि एखादी गोष्ट भारी पडते
ती वेगळीच.
भाच्याला यातलं कुठलं म्हणायचं होतं,
मला माहीत आहे. तरी.

खोटं कशाला बोलू,
माझ्या घराचा आकडा सहापट झालाय.
रात्री जाग आली की फोनवर बघते,
ताप उतरला का बघावं तशी.
त्यांची कॉफीही चांगली असते.

क्लोव्हिसचं भाडं वाढलं, तो गेला.
लेकीकडे, चॅटमला.
जाताना थापी दिली. लाकडी मुठीत
त्याच्या अंगठ्याचा खळगा आहे,
माझा अंगठा त्यात हरवतो.
बारवाल्या पोरानं विचारलं, विकणार का,
भिंतीवर मस्त दिसेल.
मी म्हटलं, स्वयंपाकघरात लागते.
लागत नाही.

काल दलाल आला, नम्र, पायात मोजे नाहीत.
माझ्या बोळकांडीची भिंत बोटानं वाजवून पाहिली.
क्लोव्हिसनं केलेली, पैसे न घेता,
माझी आई गेली त्या आठवड्यात.
म्हणाला, खाली अस्सल जुनी वीट आहे,
हे सगळं काढून टाका,
काय कूल दिसेल!
मी भिंतीला पाठ लावून उभी होते.
गार लागत होती.

किती वाढेल, विचारलं मी.
नुसतं विचारलं.